पान एकशे बारावरचं वाक्य

शाळेत त्यांना सगळे अवतरणबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं बाई. पण जिन्यात, मैदानावर आणि पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर त्यांचं नाव अवतरणबाई होतं, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. भिंतीवर ते लिहिणाऱ्याने खाली स्वतःचं नाव दिलं नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

बाई वरच्या वर्गांना साहित्य शिकवत. चोवीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर या चोवीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट शिकवली: पुस्तकातलं वाक्य आपल्या निबंधात कसं आणायचं. मुलांची रीत ठरलेली. अर्ध्या पानाचा उतारा उचलायचा, निबंधात धपकन टाकायचा, त्याखाली ‘यावरून नायकाचा स्वभाव सिद्ध होतो’ असं लिहायचं आणि हात झटकून पुढच्या परिच्छेदाला लागायचं. असं दिसलं की बाई समासात लाल शाईने एकच शब्द लिहीत: ‘मग?’ एकेका वहीत पंधरा-पंधरा ‘मग?’ निघत.

“सिद्ध काय झालं?” त्या विचारत. “पाहुण्याला दारात उभं करून आपण आत निघून जातो का? कोण आलंय, कुठून आलंय ते आधी घरच्यांना सांग. मग त्याला बोलू दे. थोडकंच बोलू दे, सगळं घर त्याच्या ताब्यात देऊ नकोस. आणि तो बोलला की तू त्याच्याशी बोल. त्याच्या बोलण्यात तुला काय दिसलं ते सांग. वाक्य एकटं सोडायचं नाही.”

मागच्या बाकावर याची नक्कल चाले. नक्कल शब्दाला शब्द बरोबर असे, त्यामुळे बाई रागावत नसत. मूळ तरी बिघडवत नाहीत, म्हणत.

फळ्यावर पुस्तकातलं वाक्य आलं की त्याखाली दोन गोष्टी यायच्याच: बोलणारा कोण आणि पान कितवं. घरी याच शिस्तीचा एक पत्र्याचा डबा होता. नवं पुस्तक अभ्यासाला लागलं की बाई तळहाताएवढ्या चिठ्ठ्या कापून घेत. पुस्तकातलं वाक्य शाईने उतरवायचं, त्यावरचं आपलं म्हणणं पेन्सिलीने. कोपऱ्यात पान. वर बोलणाऱ्याचं नाव, आणि नाव नसेल तर ते वाक्य निवेदकाचं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याचं समजायचं. पुढे या चिठ्ठ्यांवरूनच मुलांच्या टिपा तयार होत. शाई आणि पेन्सिल यांची त्यांनी कधी सरमिसळ केल्याचं कुणी दाखवून द्यावं, बाई पैज लावायला तयार होत्या.

बाईंचे यजमान कुलूपवाले. चौकात त्यांचं दोन हात रुंदीचं दुकान होतं. आत कुलपं, कड्या, बिजागऱ्या, आणि छताला उलट्या टांगलेल्या किल्ल्यांचे घोस. शाळा सुटल्यापासून त्यांनी स्वतः पुस्तक उघडलं नव्हतं, पण ऐकायला त्यांची ना नसे. संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून एखादं हट्टी कुलूप खोलून बसत आणि बाई समोर बसून मोठ्याने वाचत. पेन्सिल कायम यजमानांच्या कानावर. घरात एकच पेन्सिल आहे की काय असं वाटावं इतकी ती त्यांच्या कानावर असे. बाईंना ते मास्तरीणबाई म्हणत, आणि एखादं प्रकरण रंगात आलं की म्हणत, “मास्तरीणबाई, थांबा, स्क्रू खाली पडला.” मग स्क्रू सापडेपर्यंत गोष्ट जागच्या जागी उभी राही.

दहा महिन्यांपूर्वी, भर दुपारी, दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. हातात कानस तशीच होती. शाळेचे शिपाईमामा बाईंना वर्गातून बोलवायला आले तेव्हा फळ्यावर वाक्य लिहून झालं होतं, पान लिहायचं राहिलं होतं. बाईंनी आधी पान लिहिलं आणि मग त्या गेल्या. यावरून लोक पुढे बरंच काही बोलले.

त्यानंतर बाई रडल्या नाहीत. लोक म्हणाले, खंबीर आहे बाई. खंबीर वगैरे काही नव्हतं, आत काही हलतच नव्हतं. पंधराव्या दिवशी त्या शाळेत आल्या, वह्या तपासल्या, घरी गेल्या. चहा केला तर प्यायल्या, नाही केला तर आठवण झाली नाही. काही वाटत नाही याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. कुणी भेटायला आलं की त्या “ते गेले” एवढं सांगत आणि थांबत. समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘मग?’ उमटे. बाईंकडे पुढचं काही नसे.

आणि कुणी काहीही सुचवलं की त्या ‘बरं’ म्हणत. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती सुट्टीत आली तेव्हा दाराची कडी सरकेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारचं कुत्रं भुंकलं.

“आई, कुलूपवाल्याचं घर आणि ही कडी. बाबांनी बघितलं असतं तर? तेल घाल गं तिला.”

“बरं.”

“आणि दुकानाचं काय ते ठरवायला हवं.”

“बरं.”

“आई, तू ऐकतेस का?”

“ऐकतेय. बरं म्हटलं ना.”

मुलगी गेली. कडी तशीच राहिली. येणारे-जाणारे आधीच कमी झाले होते, त्या आवाजाने आणखी कमी झाले.

अशातच एका शुक्रवारी मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावलं. परीक्षा मंडळाचा लिफाफा आला होता. मुख्याध्यापक भला माणूस, पण लिफाफा दिसला की घाबरणारा. त्यांनी तो बाईंच्या पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मजकूर थोडक्यात असा: आपल्या शाळेच्या सत्तरपैकी त्रेसष्ट विद्यार्थ्यांनी कादंबरीवरच्या निबंधात एकच वाक्य अवतरणचिन्हांत दिलं आहे. ‘ज्याला कुणी यायला नको असतं, तो कडीला तेल घालत नाही.’ खाली निवेदक, पान एकशे बारा. हे वाक्य पान एकशे बारावर नाही. संपूर्ण पुस्तकात नाही. सबब हा सामूहिक गैरप्रकार का मानू नये आणि त्रेसष्ट जणांना निबंधात शून्य गुण का देऊ नयेत, याचा खुलासा सोमवारपर्यंत करावा.

हे वाक्य बाई चार वर्षं मुलांना लिहून देत होत्या. चार वर्षं कुणी हटकलं नव्हतं. यंदा एका परीक्षकाला ते इतकं आवडलं की त्याने पुस्तक उघडून बघितलं. पुस्तक उघडून बघायची खोड परीक्षकांना सहसा नसते.

“निबंधाचे वीस गुण,” मुख्याध्यापक म्हणाले. “वीस गेले तर पंचवीस-तीस मुलं नापासच होतील. बाकीच्यांचे प्रवेश बोंबलतील. बाई, हे वाक्य आलं कुठून?”

“पुस्तकातून,” बाई म्हणाल्या.

“नाहीये ना पुस्तकात. मी काल रात्री बायकोला बसवून दोनदा बघितलं.”

मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. “हे बघा, मी एक मार्ग काढलाय. जुन्या आवृत्तीत हे वाक्य होतं, नव्या आवृत्तीत गळलं, असं लिहून देऊ. जुनी आवृत्ती आता मिळते कुठे? कोण शोधत बसणार? मुलं सुटतील, तुमच्या नावालाही धक्का नाही. सोमवारी सही करा, मी मसुदा टाइप करून ठेवतो.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

बाहेर जिन्यात त्यांना एक मुलगी भेटली. यंदाच्या वर्गातली, म्हणजे परीक्षा अजून पुढे असलेली, पहिल्या बाकावरची. तिला सगळे शंका म्हणत, कारण तास संपता संपता हात वर करून ती सगळ्यांची मधली सुट्टी खाई. शंका नुसती बाजूला झाली, पण तिला बघून बाईंना एक गोष्ट आठवली. टिपा उतरवून दिल्या त्या आठवड्यात ती टेबलाशी आली होती. “बाई, एकशे बाराचं वाक्य मला सापडत नाहीये.” बाई म्हणाल्या होत्या, “नीट बघ.” ती दुसऱ्या दिवशी परत आली. “बाई, नीट बघितलं.” त्यावर बाई म्हणाल्या होत्या, “बरं,” आणि पुढची वही ओढली होती. वहीत ते वाक्य न लिहिता तिने एक ओळ कोरी सोडली होती. सापडलं की लिहीन, म्हणाली होती.

शनिवारी बाईंनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं, एका बैठकीत, जेवणसुद्धा विसरून. गोष्ट एका बापाची. मुलाला त्याने घराबाहेर काढलंय, आणि गावभर सांगतोय की माझ्या लेखी तो मेला. पान एकशे बारावर हा बाप संध्याकाळी तेलाची कुपी घेतो, दाराच्या कडीत दोन थेंब सोडतो, कडी पुढे-मागे सरकवून बघतो आणि आत जाऊन झोपतो. बस. लेखकाने पुढे अक्षर लिहिलेलं नाही.

वाक्य नव्हतं.

मग बाईंनी पत्र्याचा डबा काढला. एकशे अकरा, एकशे बारा. चिठ्ठी सापडली. वाक्य शाईनेच होतं, अक्षर त्यांचंच होतं. वर बोलणाऱ्याची जागा कोरी. आणि उजव्या कोपऱ्यात, पान क्रमांकाच्या खाली, तेलकट अंगठ्याचा ठसा होता. कागद तिथे अर्धपारदर्शक झाला होता आणि ठशाच्या रेघा मोजता आल्या असत्या.

ही चिठ्ठी त्यांनी चार वर्षांत दर वर्षी हातात घेतली होती. ठसा दर वर्षी तिथेच होता.

पाच वर्षांपूर्वीची संध्याकाळ होती. पुस्तक नुकतंच अभ्यासाला लागलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर एका गोदामाचं मोठं कुलूप सुटं करून ठेवलेलं. बाईंनी पान एकशे बारा वाचलं आणि म्हणाल्या, “बाप निष्ठुरच आहे. मुलाची आठवणसुद्धा काढत नाही.” यजमानांनी मान वर न करता स्प्रिंग बसवत म्हटलं, “ज्याला कुणी यायला नको असतं, तो कडीला तेल घालत नाही.” बाई हसल्या. एकोणीस वर्षं मुलांना जे शिकवायला त्या घसा कोरडा करत होत्या, ते हा माणूस स्प्रिंग बसवता बसवता करून मोकळा झाला होता. “थांबा, लिहून घेते,” त्या म्हणाल्या. पेन्सिल यजमानांच्या कानावर होती. ती मागत बसलं तर बोललेलं विसरून जाईल अशी भीती वाटली, म्हणून समोरचं पेन उचललं. कोरी चिठ्ठी यजमानांनीच पुढे केली, तेलकट हाताने. “बघा हं, मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “माझं नाव नका घालू त्यात. गिऱ्हाईकं म्हणतील, कुलूप सोडून बोलत बसतो.”

नाव घातलं नव्हतं. पुढच्या वर्षी टिपा करताना शाई दिसली, नाव दिसलं नाही, म्हणजे निवेदक. नियम म्हणजे नियम.

बाई चिठ्ठी घेऊन बराच वेळ बसल्या. काही येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही. त्यांनी अंगठा ठशावर ठेवून बघितला. त्यांचा लहान होता.

रविवारी सकाळी त्या खुलासा लिहायला बसल्या.

‘महोदय,’ त्यांनी लिहिलं, ‘सदर वाक्य या कादंबरीच्या कोणत्याही आवृत्तीत नाही. हे वाक्य माझे यजमान पाच वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात कुलूप दुरुस्त करताना बोलले. मी त्यांना पान एकशे बारा वाचून दाखवत होते. मी ते शाईने उतरवलं आणि पुढे पुस्तकातलं समजून मुलांना लिहून दिलं. चूक माझी एकटीची आहे. मुलांनी आपल्या बाईंवर विश्वास ठेवला, याबद्दल त्यांचे गुण कापू नयेत. सदर वाक्य हे अवतरण नसून पान एकशे बाराचा अर्थ आहे, आणि बरोबर अर्थ आहे.’

सहीची जागा सोडली. मग सवयीप्रमाणे त्यांनी लिहिलेलं वाचून बघितलं. बोलणारा कोण ते आलं होतं. कुठे, कधी, तेही आलं होतं. नंतर काही नव्हतं. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर समासात लाल शाई गेली असती.

बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडीला हात लावला, ओढली नाही. परत आल्या. आपल्याला कुणी यायला नको होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. एक माणूस सोडून कुणी यायला नको होतं, आणि तो येणार नव्हता. कळलं, एवढंच. एखादा पत्ता कळावा तसं. त्यांनी खाली दोन ओळी घातल्या.

‘माझे यजमान दहा महिन्यांपूर्वी वारले. तेव्हापासून आमच्या दाराच्या कडीला मी तेल घातलेलं नाही. या वाक्यात मला दिसतं ते हे.’

सोमवारी मुख्याध्यापकांनी तो कागद वाचला आणि स्वतःचा टाइप केलेला मसुदा हळूच फायलीखाली सरकवला.

“बाई, हे पाठवलंत तर परीक्षकांच्या यादीतून तुमचं नाव जाईल.”

“जाईल.”

“चोवीस वर्षांचं नाव आहे. पोरं हसतील.”

“हसू देत.”

ते पुन्हा वाचू लागले. शेवटच्या दोन ओळींपाशी त्यांचं बोट थांबलं. “बरं, पाठवू. पण हे तेवढं काढा. मंडळाला काय करायचंय तुमच्या कडीशी?”

“राहू दे सर,” बाई म्हणाल्या. “वाक्य एकटं सोडायचं नाही.”

दहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणी सुचवलेल्याला त्या ‘बरं’ म्हणाल्या नाहीत, हे मुख्याध्यापकांच्या लक्षात घरी गेल्यावर आलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वाक्य विद्यार्थ्यांचं स्वतःचं मत म्हणून धरलं जाईल. ज्यांनी त्यावर पुढे काही लिहिलंय त्यांना त्याचे गुण मिळतील. चुकीचं पान दिल्याबद्दल प्रत्येकी दोन गुण वजा. बाईंचं नाव परीक्षकांच्या यादीतून तीन वर्षांसाठी कमी. शेवटच्या दोन ओळींबद्दल मंडळाने काही लिहिलं नव्हतं. त्रेसष्टपैकी नापास झालं एकच मूल, आणि तेही गणितात.

त्या दिवशी बाईंनी वर्गाला टिपांच्या वह्या काढायला लावल्या.

“पान एकशे बारा. निवेदक खोडा. हे वाक्य पुस्तकात नाही, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

मागच्या बाकावर कुजबुज झाली आणि थांबली. बातमी सगळ्यांना आधीच होती, ती बाईंच्या तोंडून येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

“अवतरणचिन्हंही खोडायची का, बाई?” कुणीतरी विचारलं.

“नाही. ती राहू देत. कुणीतरी बोललंय ते.”

शंकाने वहीतली कोरी ओळ काढली. इतक्या महिन्यांत तिने ती भरली नव्हती. तिने वाक्य सावकाश लिहिलं आणि हात वर केला.

“बाई, बोलणारा कोण लिहू?”

“कुलूपवाले.”

“आणि पान?”

बाई फळ्याकडे वळल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. “पान नाही,” त्या म्हणाल्या. “छापलेलं नाही ते. घरी बोलले होते.”

शंकाने पानाच्या जागी ‘घरी’ असं लिहिलं. मग तिने मान वर केली. तिला आगाऊपणा करायचा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“बाई, ते अजून काय काय बोलले होते?”

बाईंनी तोंड उघडलं. स्क्रू खाली पडला, मास्तरीणबाई. एवढं आठवलं. त्याच्या मागे-पुढे सत्तावीस वर्षांचं रोजचं बोलणं होतं, आणि ते धरायला गेलं तर हाती काही लागेना.

“खूप बोलायचे,” बाई म्हणाल्या. “मी लिहून नाही घेतलं.”

शेवटचे शब्द नीट बाहेर पडले नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या, आणि वर्गासमोर, खडू हातात धरून, रडू लागल्या. मागच्या बाकावर कुणी नक्कल केली नाही. शंका उठली आणि तिने वर्गाचं दार लावून घेतलं.